लागोसचे एकांडे शिलेदार

नोकरी सोडून स्वतःचं काहीतरी करायचा किडा डोक्यात वळवळतोय? मग एकदा नायजेरियातल्या लागोसमध्ये डोकावून या. तिथला फ्रीलान्स डेव्हलपर कोड नंतर लिहितो. आधी वीज, इंटरनेट आणि डॉलर या तिन्हीची सोय स्वतःच लावतो!

आयटीवाल्यांच्या नकाशावर ठरलेली गावं असतात. पुणे, बंगलोर, हैदराबाद, ऑनसाइट मिळालंच तर न्यू जर्सी. लागोस त्या यादीत नसतंच. नायजेरिया म्हटलं की आपल्याला आठवतो फुटबॉल, नाहीतर 'मी एका दिवंगत मंत्र्यांची पत्नी, माझे कोट्यवधी डॉलर बँकेत अडकलेत' छापाची ई-मेल. पण बॉस, याच शहरात २०१५ मध्ये दोन तरुणांनी सुरू केलेली पेस्टॅक नावाची पेमेंट कंपनी ऑक्टोबर २०२० मध्ये अमेरिकेच्या स्ट्राइपने विकत घ्यायचं जाहीर केलं. किंमत सांगितली जाते २० कोटी डॉलरच्या वर! त्या बातमीनंतर जगभरच्या गुंतवणूकदारांनी लागोसचं स्पेलिंग पाठ केलं.

मोठ्या कंपन्यांच्या बातम्या छापून येतात. पण त्यांच्या मागे एक मोठी फौज आहे, जिच्याकडे ऑफिस नाही, एचआर नाही आणि एक तारखेचा पगारही नाही. एकट्याने काम घेणारे, एकट्याने पूर्ण करणारे आणि पैशांसाठी एकट्यानेच फोन करणारे डेव्हलपर्स. मी शोधत होते ते हे लोक.

लागोसला मी राहिले तीन आठवडे, नोव्हेंबर महिन्यात. निमित्त घरगुती होतं. माझा मामेभाऊ आणि वहिनी इलुपेजूत राहतात. हा आपल्या लोकांचा जुना अड्डा. भारतीय शाळा आहे, तूरडाळ-पापड-लोणचं मिळणारी दुकानं आहेत. दादा सकाळी ऑफिसला गेला की मी मोकळी. स्वतः फ्रीलान्स पत्रकार, म्हणजे बिनपगारी फुल अधिकारी! मग आपल्याच जमातीच्या माणसांकडे पावलं वळणारच.

मराठ्यांच्या फौजेत दोन प्रकारचे घोडेस्वार असत. बारगीराला घोडा आणि हत्यार सरकारातून मिळे. शिलेदार स्वतःचा घोडा आणि स्वतःचं हत्यार घेऊन येई. आजचा नोकरदार डेव्हलपर बारगीर समजा. लॅपटॉप कंपनीचा, वाय-फाय कंपनीचं, एसी आणि कॉफी मशीनही कंपनीचं. फ्रीलान्सर झाला शिलेदार. फरक इतकाच, की लागोसच्या शिलेदाराला घोड्याबरोबर चारा, पाणी आणि जमलं तर रस्तासुद्धा स्वतःच आणावा लागतो.

याबा: तुळशीबागेत आयटी पार्क

लागोसच्या मेनलँडवरचा याबा हा भाग म्हणजे तिथल्या टेक मंडळींचं माहेर. डोळ्यांसमोर हिंजवडीच्या काचेच्या बिल्डिंगा आणल्या असतील तर पुसून टाका. याबा म्हणजे अप्पा बळवंत चौक अधिक तुळशीबाग. तेजुओशो मार्केटची गर्दी, सेकंडहँड कपड्यांचे ढीग, रिचार्ज विकणारे ठेले आणि 'डान्फो' नावाच्या पिवळ्या मिनीबसच्या दारात लटकून स्टॉपची नावं ओरडणारे कंडक्टर. १९४७ सालचं याबा कॉलेज ऑफ टेक्नॉलॉजी इथेच, लागोस युनिव्हर्सिटी शेजारी अकोकाला. म्हणजे भरपूर पोरं आणि कॉलेजच्या पोरांना परवडतील अशा खोल्या.

२०१०-११ मध्ये हर्बर्ट मॅकॉले वे या रस्त्यावर को-क्रिएशन हब हे इन्क्युबेशन सेंटर उभं राहिलं. २०१४ मध्ये अँडेला आली. तरुणांना निवडून, शिकवून परदेशी कंपन्यांच्या कामाला लावायचं हा तिचा फंडा. लोक कौतुकाने याबाला 'याबाकॉन व्हॅली' म्हणायला लागले. ऑगस्ट २०१६ मध्ये तर मार्क झकरबर्ग इथल्या रस्त्यावरून चक्क पायी फिरला. पुढे बऱ्याच स्टार्टअप्सनी व्हिक्टोरिया आयलंड आणि लेकीकडे मुक्काम हलवला. अँडेलाने सप्टेंबर २०१९ मध्ये शेकडो ज्युनियर डेव्हलपर्सना नारळ दिला. कारण बाजाराला अनुभवी लोक हवे होते, शिकाऊ नाही. नारळ मिळालेल्यांतले काही नोकरीला लागले, काहींनी स्वतःचं दुकान थाटलं.

माझी गाठ पडली ती अशाच दोघांशी. एक तिशीतली वेब डेव्हलपर, सात वर्षं एकटीने काम करणारी. दुसरा मोबाइल अ‍ॅप्स बनवणारा चोवीस वर्षांचा पोरगा. त्याने पहिल्याच वाक्यात मला 'आंटी' म्हटलं. (तिकडे तो आदर आहे म्हणे. असेल बापडा!)

अप नेपा!

तिच्या खोलीत शिरल्यावर कॉम्प्युटरच्या आधी दिसते ती बॅटरी. कोपऱ्यात, टाइलच्या तुकड्यावर, एखाद्या देवासारखी विराजमान. शेजारी इन्व्हर्टर. त्यावरचं नाव आपल्या ओळखीचं निघालं, ल्युमिनस! परक्या गावात माहेरचं माणूस भेटावं तसं वाटलं.

लागोसमध्ये लाइट आली की अख्खी गल्ली ओरडते, 'अप नेपा!' नेपा म्हणजे तिथलं जुनं वीज मंडळ. २००५ मध्ये त्याचं नाव बदललं, २०१३ मध्ये वीजवाटप खासगी कंपन्यांकडे गेलं. पण आरोळी तीच राहिली. नॅशनल ग्रिड अधूनमधून पूर्ण कोसळते, तेव्हा गल्लीच काय, अख्खा देश अंधारात. म्हणून घरटी जनरेटर. पेट्रोलवर चालणाऱ्या सगळ्यात छोट्या जनरेटरला लोकांनी ठेवलेलं नाव आहे 'आय बेटर पास माय नेबर'. म्हणजे 'शेजाऱ्यापेक्षा मी बरा'! मला तर हे नाव गिरगावातल्या चाळीतही खपेल असं वाटलं.

हा शेजाऱ्यापेक्षा बरा जनरेटर २०२३ मध्ये एकदम महाग पडला. २९ मे रोजी नवे राष्ट्राध्यक्ष बोला टिनुबू यांनी शपथविधीच्या भाषणातच पेट्रोलवरची सबसिडी संपल्याचं सांगितलं. लिटरला २०० नायराच्या आत असलेलं पेट्रोल काही दिवसांत ५०० च्या आसपास गेलं. एप्रिल २०२४ मध्ये रोज किमान २० तास वीज मिळणाऱ्या 'बँड ए' भागांचा दर युनिटमागे ६८ नायरांवरून २२५ वर नेला. म्हणजे वीज नसली तर पेट्रोल महाग, असली तर बिल महाग.

मग तिने वहीत हिशोब मांडला. तो आपल्याकडच्या कुणालाही लागू पडेल म्हणून देतेय. लॅपटॉप ६५ वॉट, पंखा ५०, राउटर १०, एक एलईडी दिवा ९. एकूण १३४ वॉट. बॅटरी १२ व्होल्ट, २२० अँपिअर-अवरची, म्हणजे कागदावर २६४० वॉट-अवर. पण लेड-अ‍ॅसिड बॅटरी अर्ध्याच्या खाली उतरवली की तिचं आयुष्य झपाट्याने घटतं. म्हणून धरायचे १३२०. त्यातही इन्व्हर्टर थोडी वीज खाणार. उरले साधारण आठ तास. एक कामाचा दिवस! फ्रिज त्यावर नाही. इस्त्री तर नाहीच नाही. आधी काय चालवायचंय ते लिहा, मग बॅटरी घ्यायला जा, दुकानदार सांगेल ते घेऊ नका, हा तिचा पहिला धडा.

दुसरा धडा जास्त कामाचा वाटला. वीज हा तिच्या लेखी घरखर्च नाही, धंद्याचा खर्च आहे. बॅटरी दर काही वर्षांनी बदलावी लागणार, तेव्हा तिची किंमत महिन्यांत वाटून तासाच्या दरात धरायची. दर ठरवताना ही वीज धरायचं बरेच नवे फ्रीलान्सर्स विसरतात, मग वर्षभर राबूनही हातात काही का उरत नाही याचं त्यांना कोडं पडतं, असं तिचं म्हणणं.

आणि बॅटरीचे पैसे एकरकमी आणले कुठून? 'आजो'मधून. आठ-दहा जणांनी दरमहा ठरावीक रक्कम काढायची आणि दर महिन्याला एकाने सगळी उचलायची. अहो, ही तर आपली भिशी! तिच्या आजोत दोन डेव्हलपर, एक शिंपीण आणि एक नर्स आहे.

दोन सिम आणि एक वही

इंटरनेटच्या बाबतीत लागोस गरीब नाही. समुद्राखालून येणारी मेनवन केबल २०१० मध्ये आली, गुगलची इक्वियानो २०२२ मध्ये किनाऱ्याला लागली. जानेवारी २०२३ मध्ये स्टारलिंकने आफ्रिकेत पहिलं पाऊल टाकलं ते नायजेरियातच. आपली एअरटेल तर २०१० पासून तिथे मुरलेली आहे. प्रश्न असतो तो किनाऱ्यापासून खोलीपर्यंतच्या शेवटच्या तुकड्याचा. रस्ता खणताना कुणाचा तरी फावडा फायबरवर पडतो. (ओळखीचं वाटतंय ना?)

कधीकधी मात्र समुद्रच दगा देतो. १४ मार्च २०२४ रोजी आयव्हरी कोस्टजवळ एकाच वेळी चार केबल्स तुटल्या आणि पश्चिम आफ्रिकेतले कितीतरी देश एकदम मंदावले. बँकांची अ‍ॅप्स बंद, क्लाएंटचे कॉल बंद. अ‍ॅपवाल्या पोराची त्याच आठवड्यात डिलिव्हरी होती. ती त्याने वेळेवर दिली, कारण त्याचं काम नेटवर अडलेलं नव्हतं. कागदपत्रं आणि मॅन्युअल्स मशीनवर उतरवलेली. लागणारी सगळी पॅकेजेस लोकल कॅशमध्ये. कोड गिटमध्ये छोट्या छोट्या तुकड्यांत सेव्ह, नेट मिळेल तेव्हा पुश. मोठी डाउनलोड्स रात्रीच्या स्वस्त डेटावर. दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिम, आणि दोन्ही एकाच टॉवरवर तर नाहीत ना हे तपासलेलं.

जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या दूरसंचार नियामकाने कंपन्यांना दर ५० टक्क्यांपर्यंत वाढवायला परवानगी दिली. तेव्हापासून व्हिडिओ कॉल हीसुद्धा चैन झालीय. तो क्लाएंटला पहिल्याच मीटिंगमध्ये सांगून टाकतो, चेहरा एकदा बघा, मग आवाजावर बोलू. मीटिंगनंतर ठरलेलं सगळं पाच ओळींत ई-मेल. आवाज तुटला तरी नंतर 'मी असं म्हणालोच नव्हतो' हा वाद नाही.

हीच काटकसर त्याच्या कामातही उतरलीय. त्याची अ‍ॅप्स आकाराने बारकी असतात, जुन्या अँड्रॉइडवर पळतात, नेट गेलं तर भरलेला फॉर्म जपून ठेवतात. ज्या देशात लोक *७३७# असा कोड डायल करून साध्या फोनवरून बँकेचे व्यवहार करतात, तिथे जड अ‍ॅप कोण ठेवून घेणार?

गो-स्लो आणि मामा पुट

ट्रॅफिक जॅमला लागोसमध्ये म्हणतात 'गो-स्लो'. किती समजूतदार शब्द! डेव्हलपर राहतात मेनलँडवर, पैसेवाले क्लाएंट बेटांवर. मध्ये थर्ड मेनलँड ब्रिज, १९९० मध्ये पूर्ण झालेला, जवळजवळ बारा किलोमीटर लांबीचा. एका बाजूला खाडीवर खांबांवर उभी असलेली माकोकोची वस्ती, समोर बेटावरच्या उंच इमारती. पहिल्यांदा जाताना आपला सी-लिंक आठवतो. पाऊण तासाने तिथेच उभे असलो की चांदणी चौक आठवतो. गाड्यांच्या रांगांमधून पोरं केळ्याचे वेफर्स, थंड पाणी, फोनचे चार्जर, अगदी पुस्तकंसुद्धा विकत फिरतात.

या गो-स्लोचा धडा सोपा आहे. बेटावर दिवसाला एकच मीटिंग. ती दुपारी अकरा ते दोनमध्ये. आणि मीटिंगचा प्रवास कोटेशनमध्ये धरलेला. ऑक्टोबर २०२४ पासून रेड लाइन ही लोकल याबा, ओशोदी, इकेजा अशी धावतेय, तेवढ्यापुरता मेनलँडवाल्यांना दिलासा. तीनचाकी रिक्षाला तिथे 'केके' म्हणतात, आणि त्यातल्या कितीतरी आपल्या बजाजच्या! फेब्रुवारी २०२० पासून लागोसच्या मोठ्या रस्त्यांवर केके आणि मोटरसायकल टॅक्सींना बंदी आहे. तरी गल्लीबोळात वाळूजच्या कारखान्याची ओळखीची सोंड दिसली की उगाच छाती फुगते.

भूक लागली की 'मामा पुट'. हा कुणाचा मामा नव्हे. रस्त्याकडेच्या खाणावळीतल्या मावशीला 'अजून वाढ गं' म्हणायची ती पिजिन इंग्रजीतली विनवणी, तीच खाणावळीचं नाव झाली. जोलोफ राइसची कीर्ती खरी आहे, टोमॅटो आणि मिरचीचा झणका सॉलिड! शाकाहारी मंडळींनी 'अकारा' शोधा. भिजवलेली चवळी वाटून तळलेली भजी. सोबत 'डोडो', म्हणजे पिकल्या केळ्याचे तळलेले काप. वहिनी दर रविवारी अकारा घरी आणते आणि हिरव्या चटणीबरोबर खाऊ घालते.

आधी अ‍ॅलर्ट, मग कोड

आता मुद्द्याचं. पैसा!

परदेशी क्लाएंटने पैसे पाठवायचे कसे, हा नायजेरियन फ्रीलान्सरचा सगळ्यात जुना दुखरा दात. बरीच वर्षं पेपालवरून तिथल्या लोकांना पैसे पाठवता यायचे, घेता मात्र यायचे नाहीत. म्हणून कुणी पेओनियर वापरतं, कुणी बँकेत डॉलरचं 'डोमिसिलियरी' खातं उघडतं, कुणी डॉलरशी बांधलेल्या क्रिप्टो नाण्यांत घेतं. या शेवटच्या वाटेवर फेब्रुवारी २०२१ मध्ये सेंट्रल बँकेने बँकांना मनाई केली, ती डिसेंबर २०२३ मध्ये उठवली. मधली जवळजवळ तीन वर्षं लोकांनी आपसात देवघेव करून काढली.

पैसे येण्याचा त्रास, तसा जाण्याचाही. सर्व्हर, डोमेन, टूल्स यांची बिलं डॉलरमध्ये. २०२२ मध्ये अनेक बँकांनी नायरा कार्डावरचा परदेशी खर्च महिन्याला २० डॉलरवर आणला, मग ती सोयच बंद केली. २०२५ मध्ये काही बँकांनी ती पुन्हा सुरू केली. या मधल्या काळात शहाणे झालेले डेव्हलपर्स परदेशी कमाईतले थोडे डॉलर कायम बाहेरच ठेवतात, वर्षभराच्या सर्व्हरपुरते.

सगळ्यात मोठा तडाखा जून २०२३ चा. सरकारने नायराचा दर मोकळा सोडला. आधी डॉलरला अधिकृत भाव सुमारे ४६५ नायरा होता, फेब्रुवारी २०२४ मध्ये तो दीड हजाराच्या आसपास पोचला. गणित करून बघा. मे २०२३ मध्ये कुणी १० लाख नायरांचं काम घेतलं तर ते जवळपास २१५० डॉलरचं होतं. तेच पैसे नऊ महिन्यांनी हातात आले तर साडेसहाशेच्या आसपास. काम तेच, मेहनत तीच! म्हणून त्या दोघांच्या करारात आता एक ओळ ठरलेली असते. रक्कम डॉलरमध्ये, देणं त्या दिवशीच्या भावाने नायरात, आणि कोटेशनची मुदत सात दिवस.

देशातल्या देशात पैसे पाठवणं मात्र झक्कास आहे. आपल्याकडे आयएमपीएस २०१० मध्ये आलं, त्यांच्याकडे तसलीच झटपट ट्रान्स्फर २०११ मध्ये. पैसे जमा झाल्याच्या मेसेजला म्हणतात 'अ‍ॅलर्ट', आणि अ‍ॅलर्टचा आवाज हे लागोसचं सगळ्यात लाडकं संगीत. पण खोटे अ‍ॅलर्ट पाठवणारे महाभागही तिथेच! त्यामुळे नियम असा, की मेसेज बघून नाचायचं नाही. बँकेचं अ‍ॅप उघडून शिल्लक बघायची, मग कोड सोडायचा.

स्थानिक क्लाएंटच्या तऱ्हा ऐकून तर मी सदाशिव पेठेतच बसलेय असं वाटलं. 'माझा पुतण्या हे फुकटात करून देईल' तिथेही आहे. 'आधी करून दाखव, मग बघू' तिथेही आहे. आणि एक खास आहे, 'आय डे कम'. शब्दशः 'मी येतोय', पण म्हणणारा निघालेला असतो! आपण निघताना 'येतो हं' म्हणतो ना, अगदी तसंच. फक्त तीन महिने बिल थकवलेला क्लाएंट 'आय डे कम' म्हणाला की अर्थ वेगळा होतो. त्यावर तिचा इलाज म्हणजे साठ टक्के आगाऊ, तीस टक्के डेमो बघितल्यावर, दहा टक्के चावी देताना. तोवर साइट तिच्या सर्व्हरवर. पण डोमेन पहिल्या दिवसापासून क्लाएंटच्या नावावर. तीच मेख मारून बसलो तर धंद्यातलं नाव जातं, असं ती ठामपणे म्हणाली.

पाठीवरची बॅग

नाव जाणं ही तिथे फार मोठी गोष्ट आहे. कारण नाव आधीच गेलेलं असतं. त्यांच्या क्रिमिनल कोडमध्ये फसवणुकीचं कलम ४१९, आपल्या जुन्या दंड विधानात ४२०. एका आकड्याचा फरक. पण आपल्या चारसोबीसवर सिनेमे निघाले, त्यांच्या फोर-वन-नाइनने अख्ख्या देशाच्या ई-मेल्स संशयित करून टाकल्या. काही परदेशी वेबसाइट्स नायजेरियन पत्ता दिसला की दारच बंद करतात. त्या पोराने सांगितलं, कॉलवर सगळं छान चाललेलं असतं, गाव विचारलं की समोर तीन सेकंद शांतता. आपण कुठूनही बोललो तरी ही तीन सेकंदं आपल्या वाट्याला येत नाहीत.

त्याचा तोडगा खुला आहे. गिटहबवर सगळ्यांना दिसेल असं काम. ओपन सोर्स प्रोजेक्ट्समध्ये हातभार. डेव्हफेस्ट लागोससारख्या मेळाव्यांत भाषणं, त्यांचे व्हिडिओ. आणि नव्या क्लाएंटला आधी एक आठवड्याचं छोटं, पण पैसे घेऊनच केलेलं काम. भरवसा मागायचा नाही, तपासायची सोय करून द्यायची.

घराबाहेरचा संशय जास्त जिवावरचा. तरुण पोरगा, बरा फोन, पाठीवर लॅपटॉपची बॅग, म्हणजे 'याहू बॉय', इंटरनेटवर फसवणारा. सार्स नावाचं पोलिसांचं दरोडाविरोधी पथक अशा पोरांना रस्त्यात अडवायचं, फोन तपासायचं, एटीएमपर्यंत नेऊन पैसे काढायला लावायचं, अशा तक्रारींचा ढीग साठला. २०१९ मध्ये टेक मंडळींनी 'स्टॉप रॉबिंग अस' म्हणून मोहीम काढली. ऑक्टोबर २०२० मध्ये 'एंड सार्स'ने अख्खा देश रस्त्यावर आला. ११ ऑक्टोबरला सार्स बरखास्त झालं. २० ऑक्टोबरच्या रात्री लेकी टोलनाक्यावर राष्ट्रध्वज घेऊन बसलेल्या आंदोलकांवर सैनिकांनी गोळ्या झाडल्या.

त्या पोराने ही गोष्ट फार रंगवून सांगितली नाही. बॅगचा पुढचा कप्पा उघडून दाखवला. लॅपटॉपची खरेदीची पावती, प्लॅस्टिकच्या पिशवीत. ओळखपत्र. दोन क्लाएंट्सची सही असलेली करारपत्रं. ही बॅग अजूनही अशीच भरून तो बाहेर पडतो. माझ्या लॅपटॉपची पावती कुठेय, हे मला आजही सांगता येणार नाही. गरजच पडली नाही कधी.

जापा, की इथेच?

योरुबा भाषेतला 'जापा' हा शब्द लागोसमध्ये दिवसातून दहादा कानावर पडतो. अर्थ निसटणं, पळून जाणं. म्हणजे इंग्लंड, कॅनडा, जर्मनी. तिच्या कॉलेजच्या ग्रुपमधले बरेच गेले. तिनेही एकदा इंग्लंडच्या व्हिसाचे कागद गोळा केले होते. मग हिशोब मांडला. तोच, वहीतला. तिकडचं घरभाडं, टॅक्स, एकटेपणा. इकडची बॅटरी, गो-स्लो, घसरणारा नायरा. काठावरचा निकाल आला. आई इबादानला एकटी असते, म्हणून पारडं इकडे झुकलं. पुढच्या वर्षी पुन्हा मांडणार आहे, असंही म्हणाली.

पोरगा मात्र जाणार. नक्की कधी ते ठरलेलं नाही, पण जाणार. त्याला मी विचारलं, वीज आणि नेट चोवीस तास मिळालं तर थांबशील का? तो हसला. म्हणाला, आंटी, वीज मी विकत घेतली, नेट विकत घेतलं. बॅगेतली पावती बाळगायची वेळ येऊ नये, ते कुठल्या दुकानात मिळतं?

लागोसमध्ये एक म्हण ऐकली, 'प्रत्येक घर हीच एक नगरपालिका'. पाणी बोअरचं, वीज बॅटरीची, राखणदार स्वतःचा. फ्रीलान्सर तर त्या नगरपालिकेचा मुख्याधिकारी आणि शिपाई दोन्ही. तिथे टिकणारी माणसं फार मोठी जिनियस असतात असं मला दिसलं नाही. प्रत्येक गोष्टीची दुसरी सोय तयार ठेवायची, तिचे पैसे दरात लावायचे आणि शब्द दिला की पाळायचा, एवढं ते न कंटाळता रोज करतात. आपण पुण्या-मुंबईत बसून फ्रीलान्सिंगला कचरतो तेव्हा आपल्या हातात किती गोष्टी आयत्या आहेत, याची यादी एकदा करून बघायला हरकत नाही. रविवारी दुपारी, चहा घेऊन, वही-पेन काढून.

चौकट: लागोसला निघालात?

• यलो फीव्हरची लस प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घ्या. पिवळं कार्ड पासपोर्टला जोडूनच ठेवा. परत येताना भारतातही ते बघतात.

• मुंबईहून अदिस अबाबा किंवा आखाती शहरांमार्गे जाता येतं. विमानतळ इकेजात, म्हणजे मेनलँडवर. पहिला मुक्काम बेटावर असेल तर विमानाची वेळ संध्याकाळच्या गर्दीची निवडू नका.

• वेळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे. लंडनशी उन्हाळ्यात बरोबरी, हिवाळ्यात एक तास पुढे. युरोपच्या क्लाएंटसाठी एकदम सोयीचं.

• इकेजाचं कॉम्प्युटर व्हिलेज म्हणजे मुंबईचं लॅमिंग्टन रोड. सगळं मिळतं, सगळं दुरुस्त होतं. घासाघीस मस्ट, आणि डबा सील असला तरी दुकानात चालवून बघूनच पैसे द्या.

• वयाने मोठ्यांना 'सर', 'मा' म्हणा. नमस्कार-चमत्कार झाल्याशिवाय कामाचं बोलणं उद्धटपणा समजतात.

• जोलोफ राइस कमी तिखट हवा असेल तर आधीच सांगा. कोल्हापूरकरांनी सांगायची गरज नाही!